फळीवर १८५, बिलात २१०: कुठला भाव खरा?

गिरगावकर
दादरच्या एका मोठ्या दुकानात तूरडाळीच्या पाकिटाखाली कार्ड होतं, १८५ रुपये. बिल आलं २१०. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ऑफर काल संपली, कार्ड काढायचं राहिलं. एमआरपी २२० आहे, त्यापेक्षा कमीच लावलंय." हे उत्तर मला मान्य नाही. एमआरपी ही वरची मर्यादा. तिच्या आत राहिलात म्हणून स्वतः लावलेला भाव मोडायची मुभा मिळत नाही. कार्ड दुकानाचं, चूक दुकानाची, तर २५ रुपयेही दुकानानेच सोसावेत.

लालबागचा किराणावाला
पटत नाही. भाव लिहिला म्हणजे करार झाला असं नसतं. गिऱ्हाईक माल काउंटरवर आणतं तो प्रस्ताव, आम्ही तो स्वीकारला की करार. पैसे द्यायच्या आधी भाव कळला तर माल ठेवून जा, कोण अडवतंय? शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालावर किंवा वेष्टनावर दाखवलेला भाव म्हटलंय. फळीवरचं कार्ड त्यात कुठे बसतं? वाशीच्या घाऊक मार्केटात डाळीचा भाव सारखा हलतो. पाटी पुसायची राहिली म्हणून माणूस चोर ठरतो का?

नीलाक्षी
चोर कुणी म्हटलं नाही. पण त्याच कायद्यात किमतीबद्दल लोकांची दिशाभूल करणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, ते कलमही वाचा. आणि "आधी कळलं तर" म्हणता, पण दिवाळीच्या गर्दीत ट्रॉली भरलेली, मागे रांग, त्यात कोण एकेक भाव ताडून बघतं? समजा शेजारी १९५ चं पाकीट होतं, ते सोडून हे उचललं ते कार्ड वाचूनच ना?

माजी बिलिंगवाला
अशा साखळी दुकानात काम केलंय, म्हणून सांगतो. भाव मुख्य कार्यालयातून रात्री सिस्टिममध्ये बदलतो. कार्डं मात्र सकाळी हाताने बदलायची, माणसं कमी आणि फळ्या ढीगभर. कॅशियरला भाव उतरवायचा अधिकार नसतो, त्यामुळे त्या मुलीवर ओरडू नका. कार्डाचा फोटो काढा, मॅनेजरला बोलवा. फोटो समोर असला की फरक बहुतेक वेळा तिथेच परत मिळतो.

लालबागचा किराणावाला
मग दुधाच्या पिशवीवर कूलिंगचे दोन रुपये घेतो, तेही चूकच म्हणाल. कमिशन किती मिळतं आणि फ्रीजचं बिल किती येतं, ते या एकदा बघायला.

गिरगावकर
हो, चूकच, आणि तिथे तर वादालाही जागा नाही. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे छापील किमतीपेक्षा जास्त घेताच येत नाही, सगळे कर तिच्यात धरलेले असतात. हॉटेलात बसून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीचे जास्त पैसे घ्यायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिली ती तिथल्या सेवेमुळे. दुकानाला ती लागू नाही. कमिशन परवडत नसेल तर डेअरीशी भांडा, त्यात आम्ही तुमच्या बाजूने बोलू. पण तो भार सकाळी अर्धा लिटर दूध नेणाऱ्या बाईवर टाकू नका. मॅनेजर ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. छापील किमतीचा प्रश्न असेल तर वजन-मापं आणि छापील किमती तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडे जा. जिल्हा ग्राहक आयोगात वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही.

लालबागचा किराणावाला
दुधाचं मान्य, उद्यापासून छापील भावानेच देतो. पण पंचवीस रुपयांसाठी आयोगात खेचलंत तर मोठं दुकान वकील पाठवेल. मला तारखेला शटर ओढून जावं लागेल. आधी दुकानात येऊन बोला, एवढंच म्हणणं आहे.