अनुभव धागा: खेळाच्या मैदानावर थोडक्यात निभावलेले (आणि न निभावलेले) प्रसंग

परवा लेक झोक्यासमोरून धावत गेली आणि झोक्याची फळी तिच्या कानाजवळून सणकन गेली. मी तेव्हा मोबाइलमध्ये नव्हते, तिच्याकडेच बघत होते. तरी तोंडातून आवाज फुटला नाही. म्हणून ‘लक्ष ठेवा’ एवढंच लिहू नका. काय झालं, कशामुळे झालं आणि नंतर तुम्ही काय बदललंत, ते सांगा.

दीड वर्षाच्याचा बाबा
एकटा घसरला तर पडेल, म्हणून त्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवर बसलो. अर्ध्यात त्याच्या बुटाचा रबरी तळ कडेला अडकला. एकटा असता तर तिथेच थांबला असता. इथे मागून माझं सत्तर किलो वजन येत होतं. थोडा रडला, गप्प झाला, पण संध्याकाळी पाय टेकवेना. मी काही सांगायच्या आत डॉक्टरांनीच विचारलं, “मांडीवर घेऊन घसरलात का?” नडगीला चीर होती. घरी सगळे म्हणाले, तू होतास म्हणून थोडक्यात भागलं. मी होतो म्हणूनच तर झालं!

शाळकरी मुलीची आई
वरच्या बाबांना टाळी. माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा हात मंकी बारला पोचत नव्हता, तर मीच उचलून लटकवलं. दोन दांड्या गेली, तिसरीला हात सुटला, आणि ती हात टेकून पडली. कोपराच्या वरचं हाड मोडलं, तारा घालाव्या लागल्या. खाली गवत होतं, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण रोज तुडवलेल्या गवताखालची माती दगडासारखी होते. पडणं झेलायला सैल वाळू किंवा लाकडाच्या बारीक तुकड्यांचा थर लागतो, तोही चांगला नऊ इंचांच्या वर. झोक्याखाली पाय घासून पडलेला खळगा बघा, तिथे नेमकं काहीच उरलेलं नसतं. आता जिथे तिला स्वतः चढता येत नाही, तिथे मी चढवत नाही. रुसते. रुसू दे.

तीन नातवंडांचे आजोबा
एवढं भिऊन मुलं खेळायची कधी? उंच चढण्याला माझी ना नाही. दोन गोष्टींना मात्र साफ नकार: गळ्याशी नाडी आणि डोक्यावर सायकलचं हेल्मेट. धाकट्याच्या जॅकेटच्या टोपीची नाडी घसरगुंडीच्या माथ्यावर खिळ्यात अडकली होती. शिवण उसवली म्हणून निभावलं. त्याच दिवशी घरातल्या सगळ्या नाड्या ओढून काढल्या. हेल्मेटचंही तसंच, कठड्याच्या फटीतून अंग खाली सरकतं आणि डोकं वर अडकतं. हेल्मेट नसलं तरी साडेतीन ते नऊ इंचांची फट लहानग्यांना वाईट.

घाईत लिहितेय
उन्हात तापलेली घसरगुंडी! पत्र्याचीच नव्हे, प्लॅस्टिकचीही. माझी वर्षाची पोर चटका बसूनही उठली नाही, तिथेच बसून किंचाळत राहिली. त्या वयात बाजूला व्हायचं सुचत नाही. आता आधी माझा तळहात टेकवते.

दातवाला किस्सा
मुलगा नऊ वर्षांचा. सी-सॉवरून समोरचा अचानक उतरला, आणि याचा पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर. शेजारच्या बाईंनी दात मुळाला हात न लावता चावायच्या पांढऱ्या भागाला धरून उचलला आणि बाळाच्या बाटलीतल्या दुधात टाकला. तासाभराच्या आत दंतवैद्यांकडे पोचलो, दात पुन्हा बसला. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

धागा काढणारी
झोक्याची वरची दांडी जितकी उंच, त्याच्या दुप्पट जागा पुढे आणि तितकीच मागे मोकळी हवी, असं कळलं. काल लेकीला घेऊन पावलांनी मोजलं. हद्द कळावी म्हणून तिने तिथे स्वतःची चप्पल ठेवली. पाच मिनिटांत एक मुलगा थेट झोक्यासमोरून धावत ती घेऊन आला, “काकू, तुमची चप्पल राहिली!”