मदत हवी आहे: परसातल्या कंपोस्टसाठी कोणता डबा, आणि कुठे ठेवू?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याजवळ राहतो. परसात माड, एक फणस, केळी आणि भाजीचा छोटा वाफा आहे. आतापर्यंत पालापाचोळा फणसाच्या बुंध्याशी नुसता लोटून द्यायचो. आता नीट कंपोस्ट करायचं आहे.

दोन पर्याय डोळ्यांपुढे आहेत. एक, बूड नसलेला प्लास्टिकचा उभा डबा, थेट मातीवर ठेवायचा. गांडुळं खालून आपोआप वर येतात, जास्तीचं पाणी जमिनीत मुरतं. पण उंदीर-घुशीही त्याच वाटेने येणार ना? खाली बारीक जाळी मारली तर गांडुळं येतील, घुशी अडतील असं वाटतं. कोणी करून पाहिलंय का? दुसरा पर्याय फिरवायचा ड्रम. त्यात उंदरांची कटकट नाही, पण किंमत बरीच आणि एकदा भरला की ढकलायला ताकद लागते. सासूबाईंना ते झेपणार नाही, आणि ओला कचरा रोज त्याच टाकतात.

खरी अडचण जागेची. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी सोयीचं, पण तिथे पागोळ्या पडतात आणि विहीरही जवळ. फणसाखाली सावली आहे, मे महिन्यात डबा सुकणार नाही. मात्र पावसात चिखलातून जावं लागेल, आणि झाडाची मुळं डब्यात शिरतील ती वेगळीच. पावसाळ्यात वर पत्रा टाकलेला बरा का? सुकी पानं आत्ताच पोत्यांत भरून ठेवतेय.

मासळीचा कचरा घालायचा की नाही, यावर घरात रोज वाद! कोकणपट्टीतल्या पावसात डबा सांभाळलेल्यांनी जरूर सांगा.