साखळी जिंकलेल्या मुलींचा हंगाम एका पेनल्टीवर का संपावा?

पायचेंडू

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या सॉकरमध्ये कॉन्फरन्स स्पर्धांची धांदल असते, आणि दरवर्षी एकाच गोष्टीने माझा जीव तुटतो. त्यावर इथल्या मंडळींशी बोलायचं आहे.

ज्यांना रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेजं वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये विभागलेली असतात. ऑगस्टअखेर हंगाम सुरू होतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात कॉन्फरन्सचे साखळी सामने होतात आणि गुणतक्ता तयार होतो. मग वरचे काही संघ आठवडाभरात बाद पद्धतीची स्पर्धा खेळतात. एनसीएए या कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धेत 64 संघ असतात. त्यातल्या तीसच्या आसपास जागा कॉन्फरन्स विजेत्यांना थेट मिळतात, बाकीच्या निवड समिती वाटते. आणि जवळपास सगळीकडे विजेता म्हणजे बाद स्पर्धा जिंकणारा संघ. गुणतक्त्यात पहिला आलेला नव्हे.

मोठ्या कॉन्फरन्सला याची झळ लागत नाही. 2022 मध्ये अलाबामाच्या मुलींनी एसईसी या मोठ्या कॉन्फरन्सचे दहाच्या दहा साखळी सामने जिंकले आणि स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्या साउथ कॅरोलायनाकडून 1-0 हरल्या. वाईट वाटलं, पण बिघडलं काहीच नाही. समितीने त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकन दिलं आणि त्या उपांत्य फेरीपर्यंत गेल्या.

आता हीच गोष्ट एखाद्या लहान कॉन्फरन्समध्ये घडली असं धरा. तिथून राष्ट्रीय स्पर्धेत एकच संघ जातो, कारण समिती त्या कॉन्फरन्सकडे दुसऱ्या जागेसाठी बघतही नाही. दोन महिने बसचे लांबलांबचे प्रवास करून साखळीत पहिल्या आलेल्या मुली उपांत्य सामन्यात शून्य-शून्य बरोबरीत अडकतात. दहा-दहा मिनिटांचे दोन जादा डाव होतात, तरी गोल नाही. मग पेनल्टी. एक फटका खांबाला लागतो आणि हंगाम संपतो. शेवटच्या वर्षाच्या मुलींची तर कॉलेजची कारकीर्दच संपते. एनसीएएच्या नोंदीत तो सामना बरोबरीत सुटला असंच लिहिलं जातं, म्हणजे कागदावर त्या हरलेल्याही नसतात.

माझं म्हणणं एवढंच: थेट जागा साखळीतल्या पहिल्या संघाला द्या. स्पर्धा खुशाल घ्या, तिचा वेगळा चषक ठेवा.

निशिगंध

पायचेंडू, तळमळ पोचली, पण मी पूर्ण विरोधात आहे.

2020 सालच्या व्हँडरबिल्टचं उदाहरण घ्या. एसईसीच्या स्पर्धेत त्यांना सातवं मानांकन होतं. कोविडमुळे त्या वर्षी कॉन्फरन्सच्या सगळ्या, म्हणजे चौदाही संघांना प्रवेश होता. त्या स्पर्धेच्या गावी, ऑरेंज बीचला गेल्या, एकेक सामना काढत अंतिम फेरीत पोचल्या आणि अव्वल मानांकित आर्कान्सासला 3-1 हरवलं. 1994 नंतर पहिल्यांदाच त्यांना हे विजेतेपद मिळालं. गोलमध्ये उभी होती सारा फुलर. त्याच आठवड्याच्या शेवटी, 28 नोव्हेंबरला, ती व्हँडरबिल्टच्या मुलांच्या अमेरिकन फुटबॉल संघातून मिझुरीविरुद्ध उतरली. तेव्हा पॉवर फाइव्ह म्हणवल्या जाणाऱ्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना खेळणारी ती पहिली स्त्री. दोन आठवड्यांनी टेनेसीविरुद्ध तिने गुणही मिळवले.

तुमच्या पद्धतीत सातव्या संघाने ऑरेंज बीचला जायचं ते कशासाठी? चषकासाठी, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या चषकामागे पुढची वाट नसते तो दोन-चार वर्षांत सराव सामन्यासारखा होतो. प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना बसवून ठेवतील, प्रक्षेपणवाले पाठ फिरवतील. मुलींच्या खेळाला मोजके दिवस टीव्हीवर पूर्ण लक्ष मिळतं, त्यातला हा आठवडा आहे. तो पोकळ करू नका.

गणिती

भावना बाजूला ठेवून गुणतक्त्याबद्दल बोलू. तो न्याय्य आहे हे गृहीत धरूनच धागा निघाला आहे, आणि ते गृहीतक आता टिकत नाही.

एसीसी या मोठ्या कॉन्फरन्समध्ये 2024 पासून स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया आणि एसएमयू ही कॉलेजं आली. जॉर्जिया टेककडे मुलींचा सॉकर संघच नाही, तरी 17 संघ होतात. प्रत्येकाचे साखळी सामने दहा. म्हणजे 16 प्रतिस्पर्ध्यांपैकी सहांशी गाठच पडत नाही. बिग टेन या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये 18 संघ आणि अकरा सामने. एसीसीतल्या एकाला फ्लोरिडा स्टेट, नॉर्थ कॅरोलायना आणि स्टॅनफर्ड तिन्ही वाट्याला येतात, दुसऱ्याला त्यातलं एकच. मग दोघांचे गुण एका तक्त्यात मांडून पहिला कोण हे ठरवायचं कशाच्या आधारावर?

शिवाय 2022 पासून साखळी सामन्यातला जादा वेळ बंद झाला. नव्वद मिनिटांनी जे असेल ते. बरोबरीचे सामने वाढले, आणि दोन संघांमधलं अंतर कित्येकदा एका गुणाचं, नाहीतर तेही नाही, गोलफरकाचं.

पायचेंडू

गणिती, मोठ्या कॉन्फरन्सबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण माझा मुद्दाच मुळी लहान कॉन्फरन्सचा आहे. आठ-दहा संघांच्या कॉन्फरन्समध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळू शकतो आणि बहुतेक ठिकाणी खेळतोही.

आयव्ही लीग बघा. आठ कॉलेजं, प्रत्येकी सात सामने, सगळे सगळ्यांशी. इतका स्वच्छ तक्ता दुसरा नसेल. वर्षानुवर्षं त्यातला पहिला संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेत जायचा. 2023 पासून तिथेही वरच्या चौघांची स्पर्धा सुरू केली आणि थेट जागा तिच्या विजेत्याला जोडली. सात सामन्यांनी जे निर्विवाद ठरवलं होतं ते दोन सामन्यांत पुन्हा का ठरवायचं?

निशिगंधताई, व्हँडरबिल्टच्या त्या मुलींचं कौतुक मलाही आहे. पण पहिल्या आलेल्या संघाचं तिकीट काढून घेतल्याशिवाय त्यांना ते यश मिळालंच नसतं, असं नाही. आर्कान्सासला समितीने तरीही बोलावलंच. लहान कॉन्फरन्समधल्या आर्कान्सासला कोण बोलावणार?

मडगावकर

पायचेंडूंच्या बाजूने एक घरचा दाखला देतो.

2019-20 च्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवा साखळीत पहिला आला. उपांत्य फेरीत चेन्नईयनने त्यांना बाहेर काढलं. चषक एटीकेने जिंकला, तोही आमच्याच फातोर्ड्यात, रिकाम्या प्रेक्षागारापुढे, कारण मार्च 2020 होता. पण आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीची जागा एफसी गोव्याला मिळाली, कारण त्या हंगामापासून ती साखळीतल्या पहिल्या संघासाठी ठेवली होती. 2021 मध्ये त्या गटफेरीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला.

म्हणून चषकाची किंमत कमी झाली का? एटीकेच्या समर्थकांना विचारा. साखळीची ढाल वेगळी, अंतिम सामन्याचा चषक वेगळा. निशिगंध म्हणतात तसा पोकळपणा आम्हाला तरी कुठे दिसला नाही. उलट साखळीचा शेवटचा सामनासुद्धा जीव तोडून खेळला जाऊ लागला.

निशिगंध

मडगावकर, दाखला चांगला आहे, पण तिथे व्यावसायिक क्लब आहेत. चषकाचं बक्षीस, करार, प्रायोजक सगळं असतं. कॉलेजच्या मुलीला राष्ट्रीय स्पर्धेतला एक सामना हेच बक्षीस. तो काढून घेतला की मागे उरतं काय?

आणि कॉलेजचा संघ ऑगस्ट ते नोव्हेंबरात केवढा बदलतो! अठरा वर्षांच्या मुली पहिल्यांदा घराबाहेर पडलेल्या असतात. सप्टेंबरात चाचपडणारा संघ नोव्हेंबरात वेगळाच दिसतो. राष्ट्रीय स्पर्धेला सप्टेंबरातला चांगला संघ पाठवायचा की नोव्हेंबरातला?

फिजिओ_नाशिक

कुणाची बाजू घ्यायला आले नाही, पण शरीराबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते. मी मुलींच्या गुडघ्यांवर काम करते.

एसईसीची स्पर्धा कित्येक वर्षं अशी असायची: रविवारी पहिली फेरी, मंगळवारी उपउपांत्य, गुरुवारी उपांत्य, पुन्हा रविवारी अंतिम. आठ दिवसांत चार सामने, तेही तीन महिन्यांच्या हंगामाच्या शेवटी, पायात काही उरलेलं नसताना. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये त्याच खेळातल्या मुलांपेक्षा निदान दुप्पट आहे. ही दुखापत झाली की नऊ महिने ते वर्षभर मैदान बंद, आणि कॉलेजची वर्षं असतातच चार.

कॉलेजचे नियम खेळाडू बदलायला फिफापेक्षा पुष्कळ मोकळे आहेत. पहिल्या डावात बाहेर गेलेली मुलगी दुसऱ्या डावात परत येऊ शकते. पण त्याचा फायदा बाकावर तोडीच्या मुली असणाऱ्यांना. लहान कॉलेजात तेरा-चौदा जणींवरच सगळा भार असतो. थेट जागा या स्पर्धेलाच बांधली की दुखरा गुडघा घेऊन खेळणारी मुलगी स्वतः बाहेर येत नाही आणि प्रशिक्षकही तिला काढत नाहीत. मला स्पर्धेची भीती वाटत नाही, तिच्या वेळापत्रकाची वाटते.

कॅरीची मावशी

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत राहतो. वेकमेड सॉकर पार्क आमच्या गावातच. एसीसीच्या स्पर्धा तिथे होतात, राष्ट्रीय अंतिम सामनेही किती तरी वेळा तिथेच झाले. शनिवारच्या मराठी शाळेतल्या मुली आईबापांबरोबर सामने बघायला येतात, त्यातल्या काही स्वतः क्लबात खेळतात.

वरच्या पातळीवर ही स्पर्धा जिंकण्याने फार काही ठरत नाही, हे इथे डोळ्यांनी बघितलंय. 2020 ते 2024 सलग पाच वर्षं एसीसी स्पर्धा फ्लोरिडा स्टेटने जिंकली. त्या पाच हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद मात्र त्यांना दोनदाच मिळालं. 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने एसीसी स्पर्धा न जिंकता राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, वेक फॉरेस्टला 1-0 हरवून, इथेच कॅरीत. पॅक-12 या कॉन्फरन्समध्ये तर अशी स्पर्धाच नव्हती. तरी स्टॅनफर्ड 2011, 2017 आणि 2019 मध्ये राष्ट्रीय विजेते, यूसीएलए 2013 आणि 2022 मध्ये. नोव्हेंबरच्या आठवड्यात त्यांच्या मुली विश्रांती घ्यायच्या. त्यामुळे बाद स्पर्धेशिवाय संघ तावून-सुलाखून निघत नाही हे मला पटत नाही.

पण ती बंद करावी असंही मी म्हणणार नाही. बारा वर्षांच्या मुलीला एका दिवशी, एका मैदानावर देशातले चार उत्तम संघ बघायला मिळतात. साखळीत ते कधी मिळत नाही.

रंकाळा

कोल्हापूरकर आहे, फुटबॉल आमच्या पेठांच्या रक्तात आहे, म्हणून बोलतो. दोन टोकांवरून भांडण्यापेक्षा आयपीएलची पद्धत घ्या ना. चार संघ. पहिला आणि दुसरा आपसात खेळतात, हरणाऱ्याला आणखी एक संधी मिळते. तिसऱ्या-चौथ्याला एक हार म्हणजे घर. साखळीतल्या पहिल्या संघाला किंमत मिळाली आणि चौथ्याची आशाही जिवंत राहिली.

गणिती

रंकाळा, न्याय होईल, पण त्याने एक सामना वाढतो. क्रिकेटमध्ये दोन दिवसांनी पुन्हा उतरता येतं. फिजिओताईंनी वर जे लिहिलं ते पाहता दुसरी संधी मिळालेला संघ अंतिम फेरीत आणखी दमून पोचेल.

पायचेंडू

मग ज्या कॉन्फरन्समध्ये सगळे सगळ्यांशी खेळतात तिथे स्पर्धा फक्त दोन संघांची ठेवा. पहिला विरुद्ध दुसरा, पहिल्याच्या मैदानावर, आठवडाभराच्या विश्रांतीनंतर. सामना बरोबरीत सुटला तर पेनल्टी नाहीत, जागा साखळीतल्या पहिल्या संघाची. दुसऱ्या संघाला ती हवी असेल तर त्याने तो सामना जिंकून दाखवावा. आणि कॉन्फरन्स मोठी असेल तर गणितींचं मान्य, तिथे आहे तसं चालू द्या.

निशिगंध

घरचं मैदान आणि आठवडाभराची विश्रांती, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. बरोबरीचा नियमही एक वेळ चालेल. पण दोन संघ? नाही. तिसऱ्या आणि चौथ्या संघातल्या मुली ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कशासाठी धावतील, याचं उत्तर तुमच्याकडे अजून नाही. चार संघ ठेवा, उपांत्य आणि अंतिम सामन्यात पाच दिवसांचं अंतर ठेवा, बरोबरीचा फायदा वरच्या मानांकनाला द्या. याच्या खाली मी येणार नाही.

पायचेंडू

चार संघ आणि पाच दिवस म्हणजे साखळी एक आठवडा आधी संपवावी लागेल. त्यासाठी साखळीआधीच्या मोठ्या कॉलेजांशी होणाऱ्या सामन्यांपैकी एक-दोन सोडून द्यायची लहान कॉलेजांची तयारी असेल, तर मला हे चालेल. त्या सामन्यांतून त्यांना पैसे मिळतात, हे ध्यानात घेऊन विचारतोय. इथे कुणाची मुलगी अशा कॉलेजात खेळत असेल तर सांगा, तिथले प्रशिक्षक याला तयार होतील का?