मदत हवी आहे: जुन्या हिऱ्याचा टवका उडालाय, पुन्हा पैलू पाडून घेऊ का?

नमस्कार मंडळी,

आई गेल्यावर तिची एका हिऱ्याची अंगठी माझ्याकडे आली. तिला ती तिच्या आजीकडून मिळालेली. गेल्या महिन्यात माझा हात दगडी पायरीच्या कडेवर आपटला. हाताला काही झालं नाही, पण रात्री भिंगातून पाहिलं तर हिऱ्याच्या कडेचा सुईच्या टोकाएवढा टवका उडालेला. रडूच आलं.

घणाखाली टिकतो तो खरा हिरा, हेच ऐकत मी मोठी झाले. आता वाचल्यावर कळलं की कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मापावर हिरा १० वर, म्हणजे सर्वात वर आहे, म्हणजे त्यावर ओरखडा काढायला हिराच लागतो. पण त्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात की त्या रेषेत ठोका बसला की तो सरळ चिरतो. पैलू पाडणारे कारागीर याच गुणाचा उपयोग करून खडा दुभागत आले आहेत. घणाच्या त्या परीक्षेपायी किती खरे हिरे उगाच फुटले असतील!

ज्या सराफांना दाखवला ते म्हणाले, "कट जुना आहे. नवा ब्रिलियंट कट करून घ्या, टवकाही जाईल आणि चमकही वाढेल. वजन मात्र बरंच घटेल." खडा सव्वा कॅरटचा, म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम. त्यातून आणखी किती घालवायचं?

आणि खरं सांगते, मला तो आहे तसाच आवडतो. माथा उंच, वरचा सपाट पैलू लहान. खालचं टोक अणकुचीदार न ठेवता सपाट घासलेलं, त्यामुळे वरून पाहताना मधोमध एक बारीक वर्तुळ दिसतं. घेरही पुरता गोल नाही, एका बाजूला जरा दबलाय. मार्सेल टोल्कोव्स्की या अभियंत्याने १९१९ मध्ये गणित करून ब्रिलियंट कटाची आदर्श प्रमाणं मांडली, त्याच्या आधीच्या घडणीचा हा खडा असावा. नव्या कटात प्रकाश जास्त परत येतो, पांढरं तेज जास्त दिसतं, हे मान्य. पण जुन्या कटाचे पैलू मोठे, म्हणून रंगांच्या ठिणग्याही मोठ्या. आई सकाळी खिडकीत वाचत बसायची. ती पान उलटायची तेव्हा भिंतीवर लाल-निळे ठिपके पळायचे आणि मी ते हाताने पकडायला जायचे.

मैत्रीण म्हणते, हिरा हे अखंडतेचं प्रतीक, टवका उडालेला घालू नये. मला हे पटत नाही. 'हिरा कायमचा' ही कल्पना १९४७ मध्ये लिहिलेल्या एका जाहिरातीच्या घोषवाक्याने जगभर रुजवली. नुसतं तेज हवं असेल तर प्रयोगशाळेत घडवलेला हिराही कार्बनचाच, तितकाच कठीण, तितकाच लखलखीत. पण कुणा कारागिराने नजरेच्या अंदाजाने पाडलेले हे पैलू एकदा घासले की गेलेच.

म्हणून जाणकारांना विचारते. पूर्ण कट न बदलता फक्त कडेपुरतं पॉलिश होतं का? की टवका कोंदणाच्या नखीखाली, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या धातूच्या आकड्याखाली, झाकता येईल? नखीचा दाब नेमका त्याच जागी पडला तर चीर वाढेल, अशी मला धास्ती आहे. कडेने पूर्ण बंद कोंदण केलं तर हिरा सुरक्षित राहील, पण तेज मंदावेल का? कुणी स्वतः जुना हिरा पुन्हा घडवून घेतला असेल तर नंतर पश्चात्ताप झाला का, तेही मोकळेपणाने सांगा.

तोवर अंगठी वेगळ्या डबीत कापसात ठेवली आहे. उद्या सकाळच्या उन्हात फोटो काढून इथेच टाकते.