मालगुजारीला सरंजामशाही म्हणावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, पूर्वीचं मालगुजारी. वाचनालयात पोरांपुढे यावर बोलायचं आहे आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे.

युरोपात राजा सरदाराला जमीन द्यायचा ती लढाईला माणसं पुरवण्याच्या बोलीवर. मालगुजारावर तशी चाकरी नव्हती. तो गावाचा शेतसारा वसूल करून सरकारात भरायचा. १८६०च्या दशकातल्या बंदोबस्तात, म्हणजे शेतसारा ठरवताना, इंग्रजांनी त्यालाच गावाचा मालक केलं. पण कुळाच्या बाजूनं पाहिलं तर फरक कुठे उरतो? आमचे आबाजी सांगत, पाऊस पडला की आधी मालकाच्या सीरवर, म्हणजे त्याच्या खासगी शेतीवर, नांगर न्यायचा, तोही फुकट, मग आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. ही वेठच झाली. मला तरी ही सरंजामशाहीच वाटते. तुमचं मत कारणासकट सांगा.

१९५१ साली मालगुजारी गेली, मामा (माजी मालगुजारी) तलाव मात्र आजही धानाला पाणी देतात. गावाचं जुनं वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) आणि निस्तारपत्रक (चराई, सरपण अशा गावकऱ्यांच्या हक्कांची नोंद) कुणी मिळवलंय का? अर्ज कुठे, कसा करायचा? वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, तेव्हा अमरावती-अकोल्याकडच्यांनी तिथल्या देशमुखीबद्दलही लिहावं.