'इव्हॉल्व्ह'मधला राक्षस खरंच उत्क्रांत होतो का?

रानपाखरू:
टर्टल रॉक स्टुडिओजचा 'इव्हॉल्व्ह' (२०१५) हा व्हिडिओ गेम आठवतो का? शिअर नावाच्या परग्रहावर चार शिकारी विरुद्ध एक राक्षस. राक्षस रानातली जनावरं खातो, पुरेसं खाल्लं की कोषात जातो आणि आणखी ताकदवान होऊन बाहेर येतो. असे तीन टप्पे. या बदलाला गेम उत्क्रांती म्हणतो आणि मला ते नाव चुकीचं वाटतं. एकाच जिवाचं हयातीत रूप बदलणं म्हणजे रूपांतर, सुरवंटाचं फुलपाखरू होतं तसं. उत्क्रांतीत काही जीव मरतात, काहींना पिल्लं होतात आणि पिढ्यान्‌पिढ्या अख्खी जमात बदलत जाते. मी दहावीला विज्ञान शिकवते. 'जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली' हे लामार्कचं म्हणणं मुलं डार्विनच्या नावावर लिहून येतात. पोकेमॉनपासून त्यांनी हेच पाहिलंय ना, लढाया जिंका आणि इव्हॉल्व्ह व्हा!

चौथा_शिकारी:
सपशेल असहमत. मी हा गेम शेकडो तास खेळलोय. पहिल्या टप्प्यातला राक्षस पळत असतो, दबकत चालतो, कारण धावला की पावलांचे ठसे उमटतात आणि पक्षी उडाले की शिकाऱ्यांना सुगावा लागतो. तिसऱ्या टप्प्यात तोच उलटतो आणि आपण पळायला लागतो. सावज आणि शिकारी यांची अशी अदलाबदल मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये अनुभवली नाही. ते नाव त्या थराराचं आहे, जीवशास्त्राच्या धड्याचं नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या मरणाऱ्या जमातीचा गेम खेळणार कोण?

घनदाट:
असा गेम आहे! टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, केनेथ स्टॅन्ली, रिस्टो मिक्कुलाइनेन आणि सहकाऱ्यांनी 'नेरो' बनवला. २००५ साली त्यावर शोधनिबंधही आला. लढणारे रोबो सुरुवातीला नुसते भरकटतात. तुम्ही मैदानात भिंती, शत्रू ठेवता आणि शत्रूकडे जाणं, मार चुकवणं अशा गोष्टींना किती गुण द्यायचे ते ठरवता. कमी गुणांचा रोबो बाद होतो, त्याच्या जागी सरस रोबोंच्या संकरातून नवा येतो. भिंतीला वळसा कसा घालायचा हे कुणी लिहून दिलेलं नसतं, तरी काही वेळाने ते वळसा घालून जातात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

चौथा_शिकारी:
वाचून कुतूहल वाटलं, पण गुण माणूसच देणार असेल तर ती निसर्गाची निवड कुठे राहिली? शेतकरी चांगलं कणीस बियाण्याला राखतो, तसंच हे. शिवाय लढाईत माझ्या हातात काय? मी सैन्य तयार करून बाजूला बसणार. 'इव्हॉल्व्ह'मध्ये जीव माझा जातो.

रानपाखरू:
बियाण्याचा दाखला मला उलट हवाच होता. डार्विनने १८५९च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाची सुरुवात पाळीव प्राणी आणि वनस्पतींपासूनच केली, त्यात कबुतरांवर पानंच्या पानं आहेत. निवड माणसाने केली तरी यंत्रणा तीच: फरक, निवड, वारसा. राक्षसाच्या कोषात यातलं एकही नाही.
थराराबद्दल मात्र तुमचं खरं. 'जीव माझा जातो' हे 'नेरो'त नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना जे खेळायला आवडेल ते 'इव्हॉल्व्ह'सारखंच असेल, हे मला कळतं. म्हणूनच नावाचा आग्रह धरतेय. जे आवडतं त्यातलंच डोक्यात राहतं.

चौथा_शिकारी:
ठीक, कोषाला रूपांतर म्हणू. पण मग मला असा गेम हवा, जिथे माझ्या हातून निसटलेल्या राक्षसांचीच पिल्लं पुढच्या फेरीत येतील. माझा सापळा ओळखणारी. चारही शिकाऱ्यांना दर फेरीत नवी युक्ती शोधावी लागेल.

घनदाट:
हे जमण्यासारखं आहे. फक्त एका फेरीत एक राक्षस पुरणार नाही, झुंड लागेल.