मदत हवी आहे: पावसाळ्यात ढगाखालचा ओझोन धरायचा की वगळायचा?

नमस्कार मंडळी. ऑरा उपग्रहावरच्या ओएमआय या ओझोन मोजणाऱ्या उपकरणाचे एकूण ओझोनचे (जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या) आकडे पुण्याच्या डॉबसन स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या (जमिनीवरून ओझोन मोजणारं यंत्र) नोंदींशी ताडून पाहतोय, २००५ ते २०१५. हिवाळ्यात छान जुळतात. घोडं अडतं ते जून ते सप्टेंबरमध्ये.

३१७.५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश ओझोन बऱ्यापैकी शोषतो, ३३१.२ चा फारच कमी. परतलेल्या प्रकाशातल्या या फरकावरून एकूण ओझोन काढतात. पण दाट ढग असला की बराचसा प्रकाश वरूनच माघारी फिरतो. खालचा ओझोन दिसत नाही, म्हणून तिथे दीर्घकालीन सरासरीचा आकडा भरला जातो. शंका इथेच आहे. मान्सूनचे वारे समुद्रावरची कमी ओझोनची हवा आणतात, मग ही भर जास्तच होत असणार ना?

लेव्हल २ डेटा (प्रत्येक पिक्सेलसाठी काढलेले आकडे) वापरतोय. रो अॅनोमलीच्या (उपकरणाच्या दृश्यात अडथळा आल्याने बिघडलेल्या) ओळी डेटातल्या खुणा (फ्लॅग) बघून काढल्यात, पुण्यापासून ५० किलोमीटरच्या आतलेच पिक्सेल घेतलेत. ढगांचं प्रमाण ०.३ च्या (पिक्सेलच्या ३० टक्क्यांच्या) वरचं वगळलं तर ऑगस्टमध्ये हाती जवळजवळ काहीच लागत नाही. डॉबसनच्या थेट सूर्याच्या नोंदीही तेव्हा उघडिपीतल्याच असतात, आणि ढगाळ आकाशाच्या नोंदी कमी अचूक. ट्रोपोमी (उपग्रहावरचं नवं उपकरण) सुचवू नका, ते २०१७ चं आहे, माझ्या काळानंतरचं.

तर ढगाखालची भर एकूण आकड्यातून वजा करून तुलना करावी, की ०.३ ची मर्यादा सैल करावी? केली तर कुठवर?